सात बरण्या: पंचगंगेकाठचे सहा दिवस

निघायच्या आधी

मार्चमधलं एक लग्न मोडलं. वाईट वाटलं, पण त्यामुळेच मला आठवडा मोकळा मिळाला हेही खरं. मी पुण्यात राहते आणि लग्नांचे फोटो काढते. हळद, अक्षता, पाठवणी, आणि या सगळ्याआधी ते प्री-वेडिंग. गेल्या डिसेंबरात असंच एक जोडपं घेऊन कोल्हापूरला पंचगंगा घाटावर गेले होते. धुकं, दीपमाळा, दगडी पायऱ्या. फोटो झकास आले. मग घरी येऊन दोन रात्री त्या फोटोंतली जलपर्णी, थर्माकोलची ताटं आणि एक फुगलेली उशी कॉम्प्युटरवर पुसत बसले. उशी पुसताना हात थांबला. ही माझ्या आजोळची नदी. पोहायला इथंच शिकले. आणि आता पैसे घेऊन तिला पावडर लावत होते.

तेव्हापासून डोक्यात एक बेत घोळत होता. पंचगंगा सुरू होते तिथून संपते तिथपर्यंत जायचं, आणि घाणीचे नव्हे, माणसांचे फोटो काढायचे. प्रत्येकाच्या हातात काचेची बरणी, बरणीत त्याच्या गावचं नदीचं पाणी. मागं एकच पांढरी चादर, बसायला एकच स्टूल, लेन्स एकच, ८५ एमएम. सगळे फोटो शेजारी शेजारी लावले की चेहरे बदलतील आणि पाण्याचा रंग बदलेल, बाकी काही नाही. कागदावर हे फार हुशारीचं वाटत होतं.

नदीही या कामाला सोयीची. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, आणि साधारण ८० किलोमीटरवर नृसिंहवाडीला ती कृष्णेत जाते. आख्खी नदी एका जिल्ह्यात. दोष द्यायला दुसरं राज्य नाही, दुसरा जिल्हासुद्धा नाही.

रात्री साडेअकराला मंगळवार पेठेत मावशीकडे पोचले. बरण्यांचं तिला आधीच सांगितलं होतं. तिनं माळ्यावरून लोणच्याच्या सात बरण्या काढून, धुऊन, पालथ्या घालून ठेवल्या होत्या. निळ्या झाकणांच्या.

"कशाला पायजेत गं?"

"फोटोला लागत्यात. परत आणून देतो."

(पुण्यात मी 'देते' म्हणते. कराड सोडलं की आपोआप 'देतो' होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात.)

"आणशीलच. मे म्हैन्यात लोनचं घालायचंय मला."

पहिला दिवस: प्रयाग चिखली

मावसभावाची मोटरसायकल, मागे मी, माझ्या मांडीवर स्टूल, पाठीला कॅमेऱ्याची सॅक, डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बरण्या. सकाळी साडेसहाला संगमावर. पाणी हिरवट पण नितळ होतं. काठावर एक काका म्हशी धूत होते. कोल्हापुरात फोटो काढायचा तर सुरुवात म्हशीपासून होणं रास्तच आहे.

चादर दोन बांबूंवर बांधली. काका स्टुलावर बसले, बरणी मांडीवर धरली आणि ताठ झाले. आधार कार्डाला बसतात तसे. लग्नात माणसं आपोआप हलतात, हसतात, फक्त टिपायचं असतं. इथं हातात वस्तू दिली की माणूस त्या वस्तूचा राखणदार होतो. पंधरा-वीस फोटो वाया गेले. मग मी कॅमेरा खाली ठेवला आणि पुराचं विचारलं.

चिखलीत पुराचं विचारलं की बोलणं थांबत नाही. १९८९ च्या महापुरानंतर गावाला सोनतळीला जागा मिळाली, पण गाव पूर्ण कधीच हललं नाही. जमीन इथं, म्हशी इथं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं होतं. हे आकडे काकांना नातवंडांच्या वयांसारखे पाठ. सांगता सांगता त्यांनी बरणी उचलून "हितपतूर चिखल हुता" अशी भिंतीवरची खूण दाखवली, आणि मला फोटो मिळाला. बरणी डोळ्यांच्या रेषेत, पाण्यातून सूर्य आरपार, मागून चादरीखालून घुसलेलं एका म्हशीचं नाक.

निघताना म्हणाले, "ताई, पानी नेताय न्हवं? मग हितलंच न्या. खालचं नगा नेऊ."

दुसरा दिवस: घाट, जयंती, मावशी

घाटावर आधीच एक प्री-वेडिंग चालू होतं. फोटोग्राफर मुलगा उजव्या कोपऱ्यातला कचरा चुकवायला एकेक पायरी डावीकडे सरकत होता. मला त्याचा कोन बघूनच कळलं तो काय टाळतोय. काही बोलले नाही, काय बोलणार? घाटावर पोर्ट्रेट काढायचा बेत तिथंच सोडून दिला.

जयंती नाल्यावर मात्र दोन तास काढले. याचं नाव किती गोड आहे बघा. लहानपणी मला ती कुणाच्या तरी घरची मुलगी वाटायची. शहराच्या मधोमध वाहत येते आणि शहराचं सांडपाणी गोळा करत नदीकडे जाते. आता बंधारा घालून ते पाणी उपसतात आणि कसबा बावड्याच्या ७६ एमएलडीच्या (म्हणजे दिवसाला ७६ दशलक्ष लिटरच्या) प्रक्रिया केंद्राकडे पाठवतात. दुधाळीला दुसरं, १७ एमएलडीचं आहे. केंद्रं आहेत, चालतात. पण पंप बंद पडला, वीज गेली, पाऊस लागला की जयंती बंधाऱ्यावरून उडी मारून आपल्या जुन्या वाटेनं निघते.

पंचगंगेबद्दल बोलताना सगळ्यांना कारखानेच आठवतात. मलाही तेच आठवत होते, कारण कारखाना आपला नसतो. मोरी आपली असते. आणि आणखी एक गंमत. कोल्हापूर पूर्वी याच नदीचं पाणी उपसून प्यायचं. २०२३ च्या दिवाळीला काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं शहरात आलं, म्हणजे दूधगंगेचं. आता बऱ्याच शहराची अंघोळ दूधगंगेच्या पाण्यानं होते आणि तेच पाणी मोरीतून पंचगंगेला जातं. घ्यायचं एकीकडून, टाकायचं दुसरीकडे. जिचं पाणी आपल्या तांब्यात येतच नाही, तिच्याकडे रोज बघणार तरी कोण?

हातमोजे घालून बरणी भरली. राखाडी पाणी, वर तेलाची तवंग, तळाशी काहीतरी मऊ. जयंतीचं पोर्ट्रेट कुणाचं काढायचं हे मला सुचत नव्हतं. मावसभाऊ म्हणाला, "आईचं काढ की. आपल्या मोरीचं पानी जातंय कुठं?"

संध्याकाळी परसात चादर बांधली. मावशीनं इस्त्रीचं पातळ नेसलं, केसांना तेल लावलं, स्टुलावर बसली. मी पिशवीतून बरणी काढून तिच्या हातात दिली. तिनं आधी पाणी बघितलं. मग झाकण बघितलं.

"माझी बरनी!"

त्याच क्षणी बटण दाबलं गेलं. लग्नातल्या एकाही फोटोत मला कधी मिळाला नाही असा चेहरा. कपाळाला आठ्या, नथ किंचित वाकडी, डोळ्यांत अस्सल संताप, आणि तो नेमका कुणावर आहे हे कळायला काही मार्ग नाही. बघणाऱ्याला वाटेल, बाई प्रदूषणावर चिडली आहे. फोटो एवढं खोटं बोलू शकतो हे मला माहीत होतं, पण इतकं सोयीचं खोटं पहिल्यांदाच हाती लागलं. हा फोटो ठेवायचा का, याचा अजून विचार चालू आहे. ठेवला तर खाली खरं कारण लिहीन.

रात्री जेवताना मावशी फक्त एवढंच म्हणाली, "बाकीच्या तरी नीट आन."

तिसरा दिवस: झूम आणि राजाराम बंधारा

कसबा बावड्याजवळ लाईन बाजारला शहराचा कचरा डेपो आहे. कोल्हापुरात त्याला 'झूम' म्हणतात. रिक्षावाल्याला डेपो म्हटलं तर तो एसटीच्या डेपोला नेईल, झूम म्हटलं की नाक मुरडून बरोबर नेतो. खरं तर तिथं मी आदल्या दिवशीच सकाळी जाऊन आले होते, आणि हात हलवत परतले होते.

गेटच्या बाहेर, रस्त्याकडेला एक बाई माल निवडत बसल्या होत्या. पन्नाशीच्या. काळं प्लास्टिक वेगळं, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, कडक प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा. हात इतके वेगात चालत होते की मी आधी त्यांनाच बघत राहिले. दुधाची पिशवी उचलायची, कोपरा दातानं नव्हे तर अंगठ्याच्या नखानं फाडायची, उरलेलं झटकायचं, उलटी करायची, मागच्या गोणीत. बघायची गरजच नाही, बोटांना कळतं. त्यांना फोटोचं विचारलं तर त्यांनी पदर नाकावर ओढला.

"न्हाय. गेल्या साली बी कोन पोरं आल्ती कालिजची. नाकाला पदर लावल्याला, त्या ढिगावर उभं करून फोटू काडला. मग माझ्या पोरीच्या मोबाईलवर आला त्यो. सासरच्यांनी बघितला."

मी म्हटलं, ढीग नको, पांढरी चादर आहे. त्यांनी चादर बघितली, स्टूल बघितलं, बरणी बघितली. "आन् ह्यात काय भरनार?" मी सांगितलं, ढिगातून झिरपतं ते काळं पाणी. त्या हसल्या. "त्ये मी धरू? मी तर ती घान कमी करतो. माझ्या हातात कशाला?"

याला उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, "काडायचाच असंल तर उद्या सकाळी आठला या. कामाच्या आदी."

आज आठला गेले. त्या मोरपंखी साडीत, केसांत अबोली, पायांत चपला. हातात बरणी नाही. हातात त्यांचा लोखंडी आकडा, कचरा उकरायचा. टोक घासून पांढरं झालेलं, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. आकडा त्यांनी मांडीवर आडवा ठेवला, एखादा वाजवणारा आपलं वाद्य ठेवतो तसा, आणि थेट लेन्सकडे बघितलं. तीनच फोटो काढले. दुसराच पुरेसा होता. लगेच तिथंच त्यांच्या मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, पाच मिनिटांत उत्तर आलं, आणि ते वाचून दाखवायला सांगून त्या पुन्हा जुनी साडी नेसायला गेल्या.

माझ्या बेताला इथं पहिलं भोक पडलं. सातवी बरणी रिकामीच राहिली.

दुपारी राजाराम बंधारा. हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. दगडी खांब, खांबांत खाचा, पावसाळा संपला की खाचांत बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायचे, पाणी तुंबवायचं, शेतीला उपसायचं. पावसाआधी बरगे काढायचे. साधी आणि हुशार पद्धत. पण राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकामागून एक बंधारे आहेत, त्यामुळे उन्हाळ्यात नदी अशी उरत नाही, डबक्यांची माळ उरते. वाहतं पाणी थोडीफार घाण पचवतं. तुंबलेलं पचवत नाही, साठवतं. मग कुठंतरी बरगे काढले की वरची साठलेली घाण एका दमात खालच्या डबक्यात जाते.

एका म्हाताऱ्या पंपवाल्यांचा फोटो काढला. बरा आला, बाकी सांगण्यासारखं काही नाही. वाऱ्यानं चादर उडून नदीत पडली, ती काढताना रिफ्लेक्टर मोडला. मावसभावानं काठावर अडकलेला थर्माकोलचा मोठा तुकडा धुऊन आणला. उजेड परतवायला तो विकतच्या रिफ्लेक्टरपेक्षा चांगला निघाला. पुढचे सगळे फोटो त्या थर्माकोलवर झाले आहेत.

चौथा दिवस: इचलकरंजी

शहर लागायच्या आधीच आवाज लागतो. खटक-खटक-खटक, गल्लीगल्लीतून. १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग बसला आणि मग थांबलाच नाही. महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात ते खोटं नाही, फक्त मँचेस्टरच्या नदीचं काय झालं होतं हे कुणी पुढं सांगत नाही.

ओळखीतून एका कारखान्यात शिरायला मिळालं. आठ माग, एक जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा), दोन कामगार, आणि कोपऱ्यात कांड्या भरणाऱ्या एक वहिनी. इथं बोलणं हातवाऱ्यांनी. चादर अजून ओली आहे म्हटल्यावर जॉबरनी मागावरचं तीन मीटर ग्रे कापड कापून दिलं. ग्रे म्हणजे रंगानं करडं नव्हे. न धुतलेलं, न रंगवलेलं, कांजीचा वास असलेलं कोरं कापड, सायीच्या रंगाचं. लग्नातल्या महागड्या पडद्यांवर इतका सुंदर उजेड मी बघितलेला नाही. कापड इथवर येतं तोवर पाण्याला फारसं काही होत नाही. सूत सायझिंगला, म्हणजे कांजी चढवायला, जातं, कापड पुढं प्रोसेसला जातं, तिथं धुतात, ब्लीच करतात, रंगवतात. रंग कापडाला लागतो तेवढा लागतो, उरलेला पाण्याबरोबर जातो. इथल्या ओढ्याचं नावच काळा ओढा आहे. हे नाव मी दिलेलं नाही.

कांडीवाल्या वहिनींना बरणीचं सांगितलं. त्या उठून घरात गेल्या आणि घासून लख्ख केलेली पितळेची कळशी घेऊन आल्या.

"बरनी नगं. ही घेऊन काडा."

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. दूषित पाण्यातून. घराघरांत माणसं पिवळी पडली, कितीतरी दगावली. वहिनींच्या घरात तिघं आजारी होती, त्या स्वतः तेव्हा सहा महिन्यांच्या गरोदर. गरोदरपणात ही कावीळ किती वाईट असते ते त्यांना दवाखान्यात गेल्यावर कळलं. त्या आणि मुलगा दोघं वाचले, मुलगा आता हायस्कुलात आहे. तेव्हापासून घरात प्यायचं पाणी उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. "पाव्हन्यांना बी उकळून थंड केल्यालंच देतो. तुमाला बी तेच दिलं मगाशी."

मला पाणी कोमट लागलं होतं, मी मनातल्या मनात नाकही मुरडलं होतं.

पंचगंगा खराब झाली तशी इचलकरंजीनं कृष्णेचं पाणी आणलं. तेही पुरेना म्हणून दूधगंगेचं, सुळकूडहून आणायची योजना निघाली, तर तिकडच्या गावांनी विरोध केला. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. एक नदी खराब केली म्हणून दुसरी द्या, असं शेजाऱ्याला सांगायला गेलं तर तो विचारणारच. वहिनी कळशीवर हात ठेवून बसल्या. कळशीत माझं, थर्माकोलचं आणि दाराचं प्रतिबिंब आलं. काढून टाकणार होते, आता ठेवलंय.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर प्रोसेसमधला एक पोरगा भेटला. बावीस-तेवीसचा, कापड रंगवायच्या जिगर मशीनवर काम. चहाचा ग्लास धरलेली त्याची बोटं बघून मी थांबले. नखांच्या कडांना गडद निळी रेघ, त्याआत फिकट मरून, आणि अंगठ्याच्या चामडीच्या भेगांत हिरवा. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे आठवड्याचे लॉट तिथं वाचता येत होते. "निळा आज. मरून परवा दिवशी. हिरवा लवकर जात न्हाई, त्यो हट्टी." दर महिन्याला कुणाचं तरी लग्न निघतं आणि तो आदल्या रात्री ब्लीच घालून हात धुतो, म्हणजे फोटोत बरे दिसतील. मी आजवर कितीतरी नवरदेवांचे आणि त्यांच्या मित्रांचे हात फोटोत उजळून दिले आहेत. असले हात त्यात होते का, आठवत नाही.

चेहरा दिसायला नको म्हणाला. मालक बघेल. मग फक्त हात, ग्रे कापडावर, रिकामे. पोर्ट्रेटला चेहरा लागतोच असं मी आजवर समजत होते.

मालकांकडेही गेले. एका ठिकाणी गेटवरच नाही म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी केबिनमध्ये बसवून सरबत दिलं आणि नाही म्हणाले. दुसरे गृहस्थ मोकळे होते. शहरात सामाईक प्रक्रिया केंद्र आहे, ते पैसे भरतात, नियम पाळतात, आणि तरी बोटं त्यांच्याकडेच. शहराच्या गटारीचं कोण बोलत नाही. हे खरं होतं, दोन दिवसांपूर्वी जयंतीवर मीच बघून आले होते. मी म्हटलं, हेच बोला आणि फोटोला बसा. ते हसले. "फोटोत बोललेलं ऐकू येत नाही, ताई."

पाचवा दिवस: काळा ओढा, तेरवाड

सकाळी ओढ्यावर. तिथं एका पाईपमधून पाणी येत होतं. कुणाचा पाईप, विचारलं तर आजूबाजूला कुणालाच माहीत नव्हतं. मी ग्रे कापड बांधलं, समोर स्टूल ठेवलं, बरणी भरून स्टुलावर ठेवली. जांभळट काळं, उजेडात धरलं तरी पलीकडचं काही दिसेना. अर्धा तास थांबले. कुणी बसलं नाही, मीही कुणाला बसा म्हटलं नाही. रिकाम्या स्टुलाचाच फोटो काढला.

मावसभाऊ म्हणाला, "मानूस न्हाई तर ह्ये पोर्ट्रेट कसलं?" मी म्हटलं, ज्याचं आहे तो आला नाही. तो म्हणाला, "मग म्हणायचं की गैरहजर." त्याला शाळेत फार वेळा गैरहजर लागलेलं आहे.

तेरवाडच्या बंधाऱ्यावर वास आधी भेटला. बंधाऱ्याच्या वर जलपर्णीचं हिरवंगार रान, वरून म्हैस चालत जाईल असं वाटावं. खालच्या अंगाला मेलेल्या माशांची पांढरी पोटं. चिलापी, बारकी पिल्लं. परवा वरचं पाणी आलं म्हणे. भोई काका जुन्या गुळाच्या काईलीत बसून जाळं ओढत होते. आमच्याकडे गूळ शिजवायची काईल निवृत्त झाली की होडी होते.

त्यांनी सांगितलं ते मी असं कधी ऐकलं नव्हतं. मळीचं, म्हणजे साखर कारखान्याचं, पाणी आलं की मासे लगेच मरत नाहीत. आधी वर येतात. पाण्यातली हवा संपत जाते, म्हणून तोंडं बाहेर काढून उघडमीट करतात, हजारो. "रात्री बॅटरी मारली की नुसती तोंडंच तोंडं. तवा मासं धरायला जाळं बी लागत न्हाय, हातानं भरा. लोकं भरत्यात बी." ते स्वतः? "मी न्हाय. त्या वक्ताला मी जात न्हाय."

"का?"

त्यांनी बराच वेळ जाळ्याची एक गाठ सोडवली. उत्तर दिलं नाही. फोटो तो आहे: गाठीकडे वाकलेलं डोकं, पायाशी बरणी, पाणी चहासारखं.

हा वास दोन दिवस केसांतून गेला नाही.

सहावा दिवस: वाडी

नृसिंहवाडीला सकाळी पोचलो तेव्हा पालखीची वेळ टळली होती. संगमावर पाण्यात रेघ दिसते. एका अंगाला कृष्णा, एका अंगाला आमची. नावाडी ती रेघ भाविकांना दाखवतात आणि वल्हं कृष्णेच्या बाजूनं मारतात. पुढं हे सगळं एक होऊन कर्नाटकात जातं.

मी काठावर चादर बांधत होते. भरलेली बरणी स्टुलावर ठेवली होती. मागून एक आजी आल्या. नऊवारी, हातात फुलांचा पुडा, चालून दमलेल्या. पायऱ्या उतरायचं त्राण नव्हतं बहुतेक. त्यांनी बरणी बघितली आणि ओंजळ पुढं केली.

"तीर्थ दे गं बाई."

मी म्हटलं, "आजी, नको, घाण पाणी आहे ते."

"नदीला असं म्हनू नये," त्या म्हणाल्या, रागानं नव्हे, जेवताना उष्टं सांडू नये असं सांगतात तसं. बरणीत दोन बोटं बुडवली, डोळ्यांना लावली, थोडं माझ्याही कपाळाला लावलं आणि गेल्या.

माझ्या दोन्ही हातांत चादरीची दोन टोकं होती. फोटो नाही. मावसभावानं मोबाईलवर काढलेला एक आहे. हललेला, अर्ध्यात त्याचं बोट. सहा दिवसांतला सगळ्यात चांगला फोटो तोच आहे, आणि मोठा केला तर फुटतो.

मग एका नावाड्याचा रीतसर फोटो काढला, मावशीसाठी कवठाची बर्फी घेतली आणि निघालो.

मोजले तर असं झालं: बरणी धरलेले चार, बरणी पायाशी ठेवलेला एक, बरणी नाकारून आपलीच वस्तू आणणाऱ्या दोघी, नुसते हात, एक रिकामं स्टूल. एकसारखे फोटो शेजारी लावायचे हा बेत गेला. पुण्याला गेल्यावर यातून काय उभं राहतं ते बघू. एप्रिलमध्ये पाच लग्नं आहेत, तेव्हा घाई होणार नाही.

घरी आलो तेव्हा मावशी जोत्यावर बसली होती. भरलेल्या बरण्या मी ओळीनं मांडल्या. चिखलीची हिरवट, जयंतीची राखाडी, राजारामची, ओढ्याची काळी, तेरवाडची, वाडीची. आता हे पाणी ओतायचं कुठं? मावसभाऊ सवयीनं म्हणाला, "मोरीत." मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

मावशीनं सहांकडे लक्ष दिलं नाही. सातवी, रिकामी उचलली, झाकण काढून आत नाक घातलं, दोनदा वास घेतला.

"हिच्यात काय हुतं?"

"काय न्हाई. खरंच काय न्हाई."

तिनं तरी ती राखेनं घासली आणि उन्हात पालथी घातली.